हा खांब गेला तर?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी 'इमारतीच्या सांगाड्याचे स्थैर्य' असे कळविले. त्यांचे उत्तर आले की, विषय विद्यार्थ्यांना ठीक आहे, परंतु पालकांना जड होईल. मी त्यांना म्हटले, चिटणीससाहेब, हा विषय आधी पालकांचाच आहे. इंजिनियर कागदावर रेघा मारतो. घर बांधतो तो घरमालक. सिमेंट किती आणायचे, पाणी किती घालायचे, पुढे पाच वर्षांनी वर आणखी एक मजला चढवायचा की नाही, आणि दुकानाचे तोंड मोठे करण्यासाठी खांब तासायचा की नाही, हे सारे निर्णय तुमच्या ओटीवर, चहाच्या कपाबरोबर होतात. इंजिनियरला ते कळतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्यापैकी पुष्कळांची घरे आखातातल्या कमाईवर उभी राहिली आहेत. कुवेत, मस्कत, दुबई येथे वीस-वीस वर्षे काढून, पोराबाळांपासून दूर राहून, कोणी घर बांधले असेल तर ते घर म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य आहे. ते पडू नये म्हणून थोडे डोके खर्च करावे, एवढीच आज माझी विनंती आहे.

मी सोबत काही सामान आणले आहे. एक प्लॅस्टिकची फूटपट्टी, बांबूच्या काही काड्या आणि थोडा दोरा. कॉलेजात आम्हाला यापेक्षा महाग यंत्रे दाखवीत असत, पण तत्त्व हेच होते.

ही पट्टी मी टेबलावर उभी धरतो आणि वरून तळहाताने दाबतो. काय झाले? पट्टी चिरडली नाही, तुटली नाही, ती बाजूला बाक घेऊन सटकली. प्लॅस्टिक मजबूत होते. फसली ती पट्टीची उभी राहण्याची रीत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७४४ साली याचा हिशोब मांडला. त्यातून निघते ते असे की, तीच वस्तू दुप्पट लांब केली की बाक येईपर्यंत तिला सोसवणारा भार निम्मा राहत नाही, चौथा हिस्सा राहतो. आता या मुलाला पुढे बोलावतो. बेटा, तू पट्टीच्या बरोबर मध्यावर दोन बोटांनी तिला दोन्ही बाजूंनी अडव. वजन उचलू नकोस, फक्त सरकू देऊ नकोस. आता मी दाबतो. पाहा, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त दाब ती घेते. त्या दोन बोटांनी काहीच उचलले नाही, तरी पट्टीचे बळ चौपट झाले.

तुम्ही म्हणाल, आमचे खांब काही पट्टीसारखे पातळ नसतात. बरोबर आहे. घरातला काँक्रीटचा जाड खांब सहसा असा वाकत नाही. परंतु त्या खांबाच्या पोटात ज्या उभ्या सळ्या असतात, त्यांतली प्रत्येक सळई म्हणजे ही पट्टी आहे, आणि तिच्याभोवती जी बारीक सळईची रिंग बांधतात ती म्हणजे या मुलाची बोटे. दोन रिंगांमधले अंतर दुप्पट केले की तेथल्या सळईची बाक न घेण्याची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून मिस्त्री जेव्हा म्हणतो, "साहेब, रिंगा जरा लांब-लांब टाकू, लोखंड वाचेल," तेव्हा तो किती किलो वाचवतो हे पाहू नका, काय गमावतो ते पाहा.

रिंगेची टोके कशी वळवली आहेत, हेही पाहायचे. पुष्कळ ठिकाणी टोक काटकोनात दुमडून सोडून देतात. भूकंपात खांब हेलकावतो तेव्हा बाहेरचे काँक्रीटचे साल आधी सुटते. साल सुटले की काटकोनी टोक उघडते, रिंग फाकते, सळ्या बाहेर बाक घेतात आणि खांब संपतो. म्हणून भारतीय मानक १३९२० या १९९३ सालच्या संहितेने सांगितले आहे की, भूकंपाच्या प्रदेशात रिंगेचे टोक १३५ अंशांत, म्हणजे आतल्या काँक्रीटच्या गाभ्यात शिरेल असे वळवावे, आणि खांबाच्या दोन्ही टोकांजवळ दोन रिंगांतील अंतर १०० मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. टोक असे वळवायला फिटरला प्रत्येक रिंगेमागे दोन क्षण जास्त लागतात. तेवढ्यावरून मी अनेकांशी भांडलो आहे आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

आता काड्या. चार काड्या चौकोनात दोऱ्याने बांधल्या आणि उभ्या केल्या. बाजूने बोट लावताच चौकोन कलंडून तिरका होतो. एकही काडी मोडली नाही, एकही गाठ सुटली नाही, तरी चौकट पडली. जुन्या खाटेवर बसलेल्यांना हे सांगायला नको. पाय शाबूत असतात, पण खाट डुलते. लग्नाचा मांडव घालणारा माणूस यावर काय करतो? एक बांबू तिरपा बांधतो. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि त्रिकोण कलंडत नाही. दुसरा उपाय म्हणजे चौकटीत भिंत भरणे. तिसरा उपाय म्हणजे कोपरे इतके घट्ट करणे की खांब आणि तुळई एकमेकांशी कोनच बदलू शकणार नाहीत. आपली काँक्रीटची घरे बहुतांशी या तिसऱ्या उपायावर उभी आहेत. म्हणजे सारी भिस्त सांध्यावर! आणि बांधकामात सर्वांत गचाळ काम कोठे होते? सांध्यावरच. तेथे सळ्यांची गर्दी असते, काँक्रीट नीट शिरत नाही, व्हायब्रेटर पोचत नाही, आणि संध्याकाळ झालेली असते.

या तिरप्या बांबूवरून एका माणसाची आठवण होते. फझलूर रहमान खान यांचा जन्म १९२९ सालचा, ढाक्याचा. वडील गणिताचे शिक्षक. शिबपूर आणि ढाका येथे इंजिनियरिंग शिकून ते १९५२ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या व डॉक्टरेट मिळविली. शिकागो शहरात १९६९ साली पूर्ण झालेली १०० मजल्यांची जॉन हॅनकॉक इमारत त्यांच्या आराखड्यावर उभी आहे. तिचे छायाचित्र पाहा. बाहेरून अंगभर मोठमोठ्या फुल्या मारलेल्या दिसतात. त्या शोभेच्या नव्हेत. तोच मांडवाचा तिरपा बांबू, पोलादाचा, कित्येक मजले उंच. वारा बाजूने ढकलतो तेव्हा त्या फुल्या चौकोनाला कलंडू देत नाहीत. खांब-तुळया आतल्या आत जाड करीत बसण्याऐवजी खान यांनी इमारतीचे बाहेरचे अंगच कामाला लावले. परिणाम असा झाला की, १९३१ सालच्या एम्पायर स्टेट इमारतीत दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते, तेथे या इमारतीत सुमारे १४५ किलोंत भागले. पुढे १९७३ साली त्यांच्या सीअर्स टॉवरची (आजचे नाव विलिस टॉवर) ११० मजल्यांची उंची गाठली गेली. ती इमारत म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची बांधलेली एक मोळी आहे. पंचवीस वर्षे ती जगातली सर्वांत उंच इमारत मानली गेली. जेद्दा विमानतळावर हाजींसाठी उभारलेले तंबूंचे छत आपल्यापैकी जे हजला जाऊन आले त्यांनी पाहिले असेल. त्या कामातही खान यांचा मोठा वाटा होता. जेद्दा शहरातच १९८२ साली, वयाच्या ५२व्या वर्षी ते वारले. विद्यार्थ्यांनो, शंभर मजल्यांचा हिशोब करणारा हा माणूस गणिताच्या एका शिक्षकाच्या घरातून आला होता, एवढे ध्यानात ठेवा.

बाजूचा जोर अडविण्याची व्यवस्था नसली म्हणजे काय होते ते आपल्या देशाने २६ जानेवारी २००१ रोजी पाहिले. भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये भूजजवळ होता. अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर. तरीही अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. त्यांतल्या कित्येक इमारतींत एक गोष्ट समान होती. वरच्या मजल्यांवर खोल्या, खोल्यांना विटांच्या भिंती, म्हणजे वरचा भाग पेटीसारखा ताठ. खाली मात्र मोटारी लावण्यासाठी नुसते खांब, भिंत नाही. सगळा हेलकावा त्या एका मोकळ्या मजल्यावर आला. वरची पेटी जवळजवळ जशीच्या तशी राहून खालचे पाय मोडले. आपल्याकडे खाली दुकानाचे गाळे आणि वर राहण्याची घरे ही रीत किती आहे, हे बाजारपेठेतून एक फेरी मारून पाहा. कोयनेचा १९६७ सालच्या डिसेंबरातला भूकंप आठवणारी वडीलधारी मंडळी या सभेत बसली आहेत. "आपल्याकडे धरणीकंप होत नाही," असे त्यांच्यासमोर कोणी म्हणू नये. गाळे बांधूच नका असे मी म्हणत नाही. खालचे खांब वरच्यापेक्षा दणकट करा, मागच्या व बाजूच्या भिंती पक्क्या भरा आणि आराखडा करणाऱ्याला आधीच सांगा की खाली दुकान होणार आहे. संहितेच्या २०१६ सालच्या आवृत्तीत तर असा नियम आहे की, सांध्यावर मिळणाऱ्या खांबांची वाकण सोसण्याची ताकद तुळयांच्या किमान १.४ पट असावी. तुळई आधी दमली तर एक खोली बिघडते. खांब आधी दमला तर त्याच्यावरचे सारे घर खाली येते.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. लंडन शहराच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या मोठ्या फळ्या एकावर एक ठेवून ती उभी केली होती. आत स्वतंत्र सांगाडा नव्हता. माणसे राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे १८व्या मजल्यावरच्या एका बाईने चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. स्फोट फार मोठा नव्हता, ती बाई स्वतः वाचली. पण त्या धक्क्याने कोपऱ्यातली भिंतीची फळी बाहेर उडाली. तिच्यावरचे चार मजले त्या कोपऱ्यात निराधार झाले आणि खाली आले. त्यांच्या वजनाने खालचा मजला तुटला, त्या दोघांच्या वजनाने त्याखालचा, असे करीत तो संपूर्ण कोपरा तळापर्यंत गेला. चार माणसे मेली, सतरा जखमी झाली. पहाटे लोक झोपण्याच्या खोल्यांत होते आणि पडला तो बैठकीच्या खोल्यांचा कोपरा, म्हणून संख्या एवढ्यावर राहिली.

जगभरच्या इंजिनियरांना या घटनेने शरमेने मान खाली घालायला लावली. एक भिंत पडणे समजू शकते. एका भिंतीमागे बावीस मजल्यांचा कोपरा पडणे समजू शकत नाही. फळ्या भक्कम होत्या, पण त्या एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. पुढे १९८६ साली ती इमारत मजल्यामागून मजला सोडवून उतरविली तेव्हा सांध्यांतला मसालाही नीट भरलेला नव्हता असे आढळले. त्याआधीच, १९७० साली, इंग्लंडमध्ये नियम झाला की, पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतीत एखादा आधार नाहीसा झाला तरी पडझड त्याच्या आसपासच थांबली पाहिजे. त्या दिवसापासून आमच्या धंद्यात एक प्रश्न आला. आराखड्यातल्या एकेका खांबावर बोट ठेवून विचारायचे, हा खांब गेला तर? याचा भार कोण घेईल आणि कोठून घेईल?

हा प्रश्न लंडनपुरता नाही. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली. तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी पडलेली इमारत तर परवानगीवाचून मजल्यावर मजला चढवीत उभारली जात होती. तेथे सत्तरहून अधिक जीव गेले, त्यांत लहान मुले पुष्कळ. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत गेली आणि महिन्याच्या आत भिवंडीतली एक. यांपैकी प्रत्येकीची कारणे वेगवेगळी आहेत आणि न्यायालयात काय ठरते हा माझा विषय नाही. परंतु महाड, भिवंडी, मुंब्रा ही नावे तुम्हाला परकी नाहीत. त्या ढिगाऱ्यांत आपल्या ओळखीची घरे होती.

आता एक गोष्ट माझ्या घरची. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तीत चूक माझीही आहे.

माझ्या थोरल्या मावसभावाने कुवेतहून परतल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी घर बांधले. खाली दुकान, वर राहणे. आराखडा मीच करून दिला. खांब ९ इंच बाय १५ इंच. घर छान झाले. पुढे तीन वर्षांनी ईदला गेलो तेव्हा दुकानाला नवे, रुंद शटर बसवलेले दिसले. शटरची पट्टी बसेना म्हणून मिस्त्रीने पुढचा खांब छातीच्या उंचीपर्यंत तीन इंच तासला होता आणि वरून गिलावा करून टाकला होता. मी खांबाला वीत लावून पाहिली. भाईजान हसून म्हणाले, "अरे, पंधरातले तीन गेले, बारा आहेत ना? घर हललंय का कुठे?" हिशोब एवढा सोपा असता तर काय हवे होते! त्या तीन इंचांत एका बाजूच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि रिंगा छिन्नीने तोडल्या होत्या. पट्टीवरची बोटे काढून घेतली होती. मला हे दिसले आणि मी गप्प बसलो. दिवस ईदचा, घर पाहुण्यांनी भरलेले, आणि ते वयाने मोठे. परत आल्यावर पत्र लिहीन असे मनाशी ठरविले. लिहिले नाही.

चार महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला. "शटर निम्म्यावर येऊन अडकतंय. कालपर्यंत नीट होतं. लोहाराला सांगू का?" माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटले, "भाईजान, लोहार नको. मुलांना, भाभींना घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. दागिने-कागद काही शोधू नका." ते रागावले, पण भाभींनी माझे बोलणे ऐकले होते. त्या मुलांना घेऊन शेजारी गेल्या, तेव्हा भाईजानही निघाले.

पहाटे पोचलो. गिलावा सुटून खाली पडला होता. तासलेल्या जागी खांबाला उभी भेग गेली होती आणि उघडी सळई बाहेरच्या अंगाला बाक घेऊन उभी होती, अगदी या पट्टीसारखी. वरची तुळई खचून शटरच्या पट्टीवर बसली होती, म्हणून शटर अडकत होते. मग घर उभे कसे राहिले? दुकानाच्या कडेला भाभींनी हट्टाने कोठीची खोली करून घेतली होती. तिची चिऱ्याची जाड भिंत त्या तुळईखाली, खांबापासून चार फुटांवर येत होती. माझ्या आराखड्यात ती नव्हती आणि तिच्यामुळे जागा वाया जाते म्हणून भाईजान कुरकुरत असत. तुळईतल्या सळ्या सलग होत्या, त्यामुळे भार त्या भिंतीकडे वळला. 'हा खांब गेला तर?' या प्रश्नाचे उत्तर भाभींनी नकळत बांधून ठेवले होते. आम्ही गावच्या स्लॅब ठेकेदाराकडून लोखंडी टेकू आणले, तुळईखाली जोडीजोडीने लावले, आणि नंतर खांबाला नव्या सळ्या-रिंगा बांधून सभोवती काँक्रीटचे जाकीट घातले. खर्च शटरच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. मिस्त्रीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याला जे सांगायला हवे होते ते सांगणारा माणूस ईदच्या जेवणाला बसून उठून गेला होता.

म्हणून पालकांनो, घराच्या खुणा ओळखा. कालपर्यंत लागणारे दार, खिडकी, शटर कारणाशिवाय अडकू लागले तर रंधा मारू नका, आधी वर पाहा. गिलाव्याच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. परंतु खांब आणि तुळई मिळतात तेथे तिरपी भेग, खांबाला उभी भेग, सळईच्या रेषेत फुगलेला गिलावा, तांबूस डाग, हे दिसले की जाणत्या माणसाला बोलवा. खाडीची खारट रेती वापरलेल्या घरांत तर हे डाग हमखास येतात, कारण मिठाने सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुटते. खांबातून चुरा झडू लागला किंवा कडकड आवाज आला तर बोलावणे-चालवणे नको, बाहेर पडा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची इंजिनियरकडून तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत त्याचा खर्च निघाला की खाली मान घालून बसू नका. वर मजला चढवायचा असेल तर पाया किती मजल्यांसाठी केला होता हे आधी शोधा. त्यासाठी आराखड्याची प्रत घरात हवी. आपण निकाहनामा आणि जमिनीचा उतारा जपून ठेवतो, आराखडा मात्र काम संपले की सिमेंटच्या रिकाम्या गोणीबरोबर जातो.

आणि विद्यार्थ्यांनो, दहावीनंतर तीन वर्षांची सिव्हिल पदविका करता येते, पुढे पदवीही. आमच्या वेळी सगळ्यांना परदेशी नोकरीची घाई असे. आज गावोगाव घरे बांधली जात आहेत आणि रिंगेचे टोक कसे वळवावे हे सांगणारा माणूस दहा गावांत एक नाही. मुलींनीही यावे. भाभींची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

माझी वेळ संपली आहे. ही पट्टी, काड्या आणि दोरा मी येथेच विज्ञानाच्या शिक्षकांकडे देऊन जात आहे. काड्यांची तीन मजली चौकट बांधा, वर एक वही ठेवा, मग खालची एक काडी कापा आणि काय होते ते पाहा. पडली तर कोठे दोरा कमी पडला ते शोधून पुन्हा बांधा.